सिस्टरांचं पाणी

गेटवरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव कोरलेलं होतं, पण त्या नावानं त्यांना कोणी हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळा लेआउट, म्हणजे आमची अख्खी कॉलनी, त्यांना सिस्टर म्हणायची. सरकारी दवाखान्यातल्या प्रसूतीच्या वॉर्डात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पायातले पांढरे कॅनव्हासचे बूट आणि साडीला पिनेनं उलटं टांगलेलं छोटं घड्याळ काही सुटलं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. मूळ घर नरखेडकडचं, संत्र्याच्या बागेतलं. खाली त्या एकट्या आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू.

खोल्या पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मंदारची नोकरी विचारली नाही, आमच्याकडे मटण शिजतं का तेही विचारलं नाही. आम्हा दोघांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आंघोळ कशानं करता? शॉवर का बकेट?"

मंदार गोंधळला. "बकेट."

"मग घेऊन या सामान."

मी नाशिकची. लग्नानंतर मंदारला मिहानमधल्या कंपनीत नोकरी लागली म्हणून नागपूरला आले. ऊन ऐकून माहीत होतं. पण सकाळी नऊलाच गॅलरीचा कठडा हाताला चटका देतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, हे पहिल्या एप्रिलमध्ये पाहिलं आणि घाबरले. बाहेर सगळं करपत होतं आणि आमच्या खालच्या अंगणात मात्र मिरचीला मिरच्या लागल्या होत्या, मोगरा फुलला होता. ते कसं, हे कळायला मला वर्ष लागलं. कारण सिस्टर काही शिकवत नसत, फक्त ओरडत.

पहाटे त्यांचा राउंड असे. हातात मग, डोक्याला दुपट्टा, कमरेला खोचलेला कांदा. ऊन लागू नये म्हणून इकडे लोक कांदा जवळ ठेवतात, पण सिस्टर तो पहाटे पाचलाही खोचत. प्रत्येक कुंडीपाशी वाकायचं, मातीत दोन पेरं बोट घालायचं, बोट पाहायचं, पुढे जायचं. दहा कुंड्या तपासल्या तर पाणी जेमतेम दोघींना मिळे. न्हाणीघराचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे केळ आणि कर्दळ लावलेली होती. त्या कोपऱ्याला त्या जनरल वॉर्ड म्हणत. पलीकडच्या तापणाऱ्या भिंतीशी कोरफड, सदाफुली, बोगनवेल. ती सगळी 'डिस्चार्ज झालेली', त्यांच्याकडे बघायचंही नाही. मधल्या भाज्यांच्या कुंड्या एप्रिल लागला की कडुलिंबाच्या सावलीत एकमेकींना चिकटून बसायच्या, वर हिरवी जाळी. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला लोक कूलरच्या ताट्या बदलतात. त्यातलं जुनं गवत सिस्टर घरोघरी जाऊन मागून आणत आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी जाड थर देऊन पसरत. लिंबूच्या झाडाच्या मुळाशी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं होतं. ते भरून झाकण ठेवायचं. मडकं आपोआप पाझरत राही आणि लिंबाला लागेल तेवढंच मिळे. तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी, सगळ्याचे पत्ते ठरलेले. आमच्या मोरीचं पाणीसुद्धा एका पाइपातून खाली त्यांच्या ड्रममध्ये जायचं. त्यात साबण जास्त आला तर वर हाक यायची.

"काय धुऊन राहिली वं? फेस आला! केळीले चालते, वांग्याले नाही चालत!"

शेजारच्या बंगल्यात एक निवृत्त अधिकारी राहत. त्यांनी हौसेनं लॉन केलं होतं आणि त्यावर ते भरदुपारी पाइप धरून उभे राहत. सिस्टर कुंपणापाशी जाऊन म्हणत, "उकडून राहिले का गवत? मीठ टाकलं का?" त्या दोघांचं बोलणं त्यापलीकडे कधी गेलं नाही. लॉनवाले काका खिडकी लावून घेत.

मी नाशिकहून तुळशीची कुंडी आणली होती. तिला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालायचे. महिन्याभरात ती पिवळी पडली. एके सकाळी सिस्टर जिना चढून वर आल्या, मातीत बोट घातलं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"मारून टाकलं वं हिले."

"सिस्टर, मी तर रोज दोनदा पाणी घालते."

"तेच म्हणून राहिली मी. बोट घाल. काय लागते?"

"ओलं."

"मग कायले घातलं?"

"दुपारी पानं खाली गेली होती. भीती वाटली."

"दुपारी सगळेच मान टाकतात. संध्याकाळी पाहायचं. संध्याकाळीही मान वर नाही आली, तर मग घाबर." जाताना जिन्यावरून म्हणाल्या, "झाड तहानेनं कमी मरते, मायेनं जास्त."

मला ते लागलं. कारण मी तशीच होते. आदल्या वर्षी, नाशिकला असतानाच, माझं तिसऱ्या महिन्यात पडून गेलं होतं. तेव्हापासून मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. गॅस बंद केला का हे मी जिन्यावरून परत येऊन पाहत असे. मंदारला पोचायला उशीर झाला की गॅलरीत जाऊन उभी राहायचे. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी ते कितीतरी दिवस आईलाही सांगितलं नाही. सिस्टरांना तर नाहीच. एक दिवस मी बाजारातून पिशवी घेऊन आले. त्या अंगणातून माझ्याकडे पाहत होत्या.

"कितवा?"

"काय?"

"कठडा धरून चढून राहिली. कितवा महिना आहे?"

"चौथा लागलाय."

त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पुढे चढू लागल्या. अभिनंदन नाही, काही नाही. दारात पिशवी ठेवून फक्त म्हणाल्या, "मागचं गेलं होतं न?" मी रडायलाच लागले. त्या उभ्या राहिल्या. जवळ घेणं वगैरे त्यांना जमत नसे. रडून झाल्यावर म्हणाल्या, "नीट खाजो," आणि खाली गेल्या.

त्यानंतर त्यांच्या पहाटेच्या राउंडमध्ये मीही आले. कुंड्या झाल्या की जिन्याच्या तळाशी उभ्या राहून विचारत, "झोप लागली? पाय सुजले का? दाखव." माझं पोट वाढत होतं आणि ऊनही. सातव्या महिन्यात नवतपा आला. हे मेअखेरचे दिवस नागपूरकर एखाद्या संकटासारखे मोजतात. घरातल्या भिंती रात्रीसुद्धा गरम लागायच्या. त्यातच आमच्या भागातली मुख्य पाइपलाइन फुटली आणि नळ बंद झाले. सिस्टर वर आल्या.

"दोन-तीन दिवस नळ येणार नाही. टाकीत आहे तेवढंच आहे. एकेक मग जपून वापरजो."

"हो, सिस्टर."

एवढंच झालं होतं. त्या एवढंच बोलल्या होत्या.

मला त्या दिवसांत पाणी सोसतच नव्हतं. छातीत जळजळ व्हायची, घोट घेतला की वर यायचा. सातव्या महिन्यात असं होतंच, असं आईनं फोनवर सांगितलं होतं, म्हणून मी गप्प होते. ओठ ओले करण्यापुरतं प्यायचे आणि पडून राहायचे.

त्या दुपारी जेवण झाल्यावर माझ्या लक्षात आलं की सकाळपासून बाळ हललेलं नाही. आधी वाटलं, झोपलं असेल. मी कुशीवर झाले. पोटावर थोपटलं. साखर खाल्ली. काही नाही. मंदारला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता, उचलला नाही. आईला लावायला घेतला आणि ठेवून दिला. नाशिकहून ती काय करणार? कूलरचा पंखा नुसता गरम वारा फेकत होता. मी कठडा धरून खाली उतरले.

सिस्टर हिरव्या जाळीखाली होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी हातातली कुंडी तिथेच ठेवली.

"हालत नाहीये," मी म्हटलं.

"कवापासून?"

"सकाळपासून."

"ये."

त्यांनी मला आपल्या पलंगावर डाव्या कुशीवर झोपवलं. लोखंडी कपाट उघडून कर्ण्यासारखी एक लाकडी नळी काढली. तिचं रुंद तोंड माझ्या पोटावर टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला. साडीवरचं घड्याळ हातात धरलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यावरून काही कळत नव्हतं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. त्यांनी नळी थोडी सरकवली, पुन्हा कान लावला. मग आणखी सरकवली.

"आहे का?" मी विचारलं.

"गप."

नळी आणखी एकदा सरकली.

"आहेत ठोके," त्या म्हणाल्या. "आहेत. पण ऊठ. दवाखान्यात जाऊ." नळी त्यांनी पलंगावर तशीच टाकली, कपाट उघडंच राहिलं. इतकी बाळंतपणं केलेली बाई अशी घाई करते, हे पाहून मी जास्तच घाबरले.

मोबाइलवर गाडी मिळेना. एक मिळाली ती ड्रायव्हरनं रद्द केली. रस्त्यावर ऑटो नव्हता. सिस्टर उन्हात फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग सरळ शेजारच्या बंगल्याचं फाटक दोन्ही हातांनी वाजवायला लागल्या.

"साहेब! अहो साहेब! गाडी काढा!"

लॉनवाले काका बनियनवर बाहेर आले. त्यांना वाटलं, पुन्हा गवतावरून काहीतरी.

"पोरीले दवाखान्यात न्यायचं आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी हात जोडते तुम्हाले."

त्यांनी खरंच हात जोडले होते. काकांनी एक शब्द विचारला नाही. चावी घ्यायला ते अनवाणी पळाले आणि गाडी तशीच, बनियनवर, बाहेर काढली.

ओला दुपट्टा माझ्या डोक्यावर, सिस्टरांचा तळवा माझ्या पोटावर. सगळ्या वाटेत तो हात त्यांनी उचलला नाही. काकांनी आरशातून पाहत धीर द्यायचा प्रयत्न केला, "सगळं ठीक होईल, सिस्टर."

"समोर पाहा न," त्या म्हणाल्या.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होती, शांत होती. म्हणाली, बाळाचे ठोके आहेत, पण बाळाभोवतालचं पाणी फार कमी झालंय. "दिवसभरात पाणी किती पिता?"

"होत नाही," मी म्हटलं. "थोडंच."

"या उन्हात थोडंच?"

सिस्टर पडद्यापाशी उभ्या होत्या. बुटांना माती, हाताला माती. त्या पुढे आल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं तिले. जपून वापरजो म्हणून. मीच म्हटलं."

डॉक्टरांना काही समजलं नाही. त्यांनी मान हलवली आणि सलाइन लावायला सांगितलं. मला बोलायचं होतं, सांगायचं होतं की तसं नाहीये, पण मला लगेच आत नेलं. सलाइन सुरू झालं तेव्हा सिस्टर आल्या. थेंब हळू पडताहेत असं त्यांना वाटलं असावं. त्यांचा हात सवयीनं नळीच्या चाकाकडे गेला.

"मावशी, हात लावू नका," तिथली नर्स म्हणाली.

सिस्टरांनी हात मागे घेतला. "नाही लावत," त्या म्हणाल्या आणि भिंतीशी स्टुलावर जाऊन बसल्या. संध्याकाळी मंदार धावत आला तेव्हाही तशाच बसलेल्या होत्या. तो म्हणतो, त्याला त्यांनी ओळखलंच नाही.

सलाइनची दुसरी बाटली चालू असताना बाळानं लाथ मारली. मी ओरडले, "हललं!" सिस्टर स्टुलावरून उठल्या, आणि वॉर्डच्या बाहेर निघून गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

मला काही दिवस ठेवून घेतलं. जळजळीवर औषध दिलं आणि पाणी पोटात राहायला लागलं. घरी आले तेव्हा आमच्या दारात पाण्यानं भरलेला ड्रम होता. जिन्याच्या वळणावर माठ, माठावर पेला. दर थोड्या वेळानं सिस्टर वर येत, पेला भरत, माझ्यासमोर धरत. "पी." मी प्यायले की पेल्यात वाकून पाहत, आणि जात.

बाग मात्र त्यांनी सोडली होती. पहाटेचा राउंड बंद. नळ परत आले होते, पण अंगणात कोणी जात नव्हतं. मंदारला वाईट वाटलं म्हणून त्यानं एका दुपारी पाइप लावून सगळ्यावर फवारा मारला. कोरफडीलाही पाणी, पानांवरही पाणी, वाटेवर डबकं. आम्ही दोघं हाक येण्याची वाट पाहत राहिलो. हाक आली नाही. ती शांतता मला सोसेना. मोगरा वाळला, मिरच्या गेल्या. गवताच्या जाड थराखाली वांगी तगली, आणि पुरलेल्या मडक्यावर लिंबू.

मी एका सकाळी खाली गेले. त्या पलंगावर बसून होत्या, पायात बूट नव्हते. त्यांचे पाय मी पहिल्यांदाच पाहिले. फार लहान होते.

"सिस्टर, तुमच्यामुळे झालं नाही ते."

त्यांनी पाय साडीखाली ओढून घेतले.

"मला जळजळ व्हायची. पाणी पोटात राहतच नव्हतं. तुम्ही सांगायच्या आधीपासून. आईलाही फोनवर सांगितलं होतं, विचारा तिला."

"वॉर्डात एक बाई यायची," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. ती गोष्ट त्यांनी पुढे सांगितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. "मले कळायला पाहिजे होतं न वं. मी नर्स आहे. ओठ दिसत होते तुझे. मी मिरच्या पाहून राहिली होती."

"मला खरंच जळजळ होत होती."

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली तू."

"नाही हो."

"जा, पड जाऊन. जिना उतरू नको."

जूनच्या शेवटी, दिवस भरायच्या आधीच, मुलगी झाली. पेटीत ठेवावी लागली. ते दिवस मी आता आठवत नाही, आठवायचे नाहीत. सिस्टर काचेबाहेर उभ्या राहून तिचा श्वास मोजायच्या, नखांचा रंग पाहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "रंग चांगला आहे." घरी आणल्यावरसुद्धा त्या तिला हात लावत नसत. दारातून पाहत आणि जात. माझी आई नाशिकहून आली होती, ती म्हणाली, "विचित्रच आहे ही बाई."

मग लंगोटांचं धुणं सुरू झालं. दिवसाकाठी ढीग. एका सकाळी आईनं खळबळलेलं पाणी गॅलरीतून सरळ रस्त्याकडच्या नालीत ओतलं. खालून जी हाक आली ती सगळ्या लेआउटनं ऐकली असेल.

"अवं बाई! ते पाणी कुठं फेकून राहिली? काहून फेकलं ते?"

आई दचकली. मी मात्र बाळाला घेऊन जमिनीवरच बसले आणि हसायला लागले, इतकी हसले की टाके दुखले. थोड्या वेळानं गॅलरीतून पाहिलं तर सिस्टर बूट घालून अंगणात उभ्या होत्या आणि एका कुंडीत बोट घालून बघत होत्या. मोगऱ्याचं वाळलेलं लाकूड त्यांनी तळापासून कापलं, पण मुळं काढली नाहीत.

त्या घरात आम्ही आणखी तीन वर्षं होतो. मग मंदारनं फ्लॅट घेतला. तिथल्या गॅलरीत मी जी झाडं लावली ती सगळी सिस्टरांच्या रीतीनं. त्यांची फोनची रीत मात्र वेगळीच. सणाला नाही, वाढदिवसाला नाही, ऊन चढलं की फोन. मुलगी काय खाते, उंची किती झाली, सगळं विचारून झाल्यावर थोडं थांबत. मला ते थांबणं कळायला लागलं होतं.

"खरं सांगजो. तुले खरंच जळजळ होत होती?"

"हो, सिस्टर. खरंच होत होती."

"माह्या बोलण्यानं नाही न?"

"नाही."

"हूं," म्हणत आणि ठेवून देत. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मी कधी चिडले नाही, असं नाही. एकदा मंदारला म्हटलंही, आता किती वेळा सांगू? आपण खरं सांगतोय आणि समोरच्याला ते कधीच पटत नाही, याचा एक वेगळाच ताण असतो. मी आवाज आणखी शांत ठेवायचे, आणखी खात्रीनं बोलायचे, आणि मलाच ते पाठ केल्यासारखं वाटायचं.

या मे महिन्यात मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. आता त्यांचे गुडघे गेलेत. भाची येऊन राहिली आहे, तीच कुंड्या बघते आणि शिव्या खाते. सिस्टर पलंगावर बसल्या होत्या. मुलगी आता शाळेत जाते, दिसेल त्याचं नाव विचारते. ती सिस्टरांच्या शेजारी बसून त्यांचं घड्याळ सुलटं करून पाहत होती. भाची सरबत करायला आत गेली. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, आता विचारणार.

"खरं सांगजो," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मुलीनं विचारलं, "काय खरं सांगायचं?"

मी गडबडले. तिला यातलं काही आम्ही कधी सांगितलेलं नव्हतं. ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिली. "सांगा ना, सिस्टर आजी. आईनं काय केलं?"

सिस्टरांनी तिच्या हातातून घड्याळ सोडवून घेतलं. ते पुन्हा उलटं केलं.

"तुह्या आईनं काही नाही केलं," त्या म्हणाल्या. "तू पोटात होती न, तवा उन्हाळा लय होता. तुह्या आईले जळजळ व्हायची. पाणी पोटात राहतच नव्हतं तिच्या. म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. कोणाची चूक नव्हती त्याच्यात."

"मग?"

"मग काय? मग तू झाली."

मुलीचं समाधान झालं. ती आत सरबत पाहायला पळाली. सिस्टर खिडकीतून बाहेर बघत बसल्या. त्यांना ते शेवटी पटलं होतं, की लेकराला सांगायचं म्हणून त्या तसं बोलल्या, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. निघेपर्यंत त्यांनीही तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.